पाठमोरा माणूस

प्रश्न : व्हेनिसच्या तिएपोलोची अर्कचित्रं पुस्तकात पाहिली. कित्येकांत चेहराच दिसत नाही, तरी हसू येतं. कसं काय? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : जांबात्तिस्ता तिएपोलो (१६९६–१७७०) एरवी महालांची छतं रंगवायचा. इथे आधी लेखणीची रेघ, मग पाणी घातलेल्या शाईचा ब्रश. पोक, ढगळ कोट, विग. तेवढ्यात माणूस पकडला! रोमचा अर्कचित्रकार गेत्सी माणसं बाजूने काढायचा, रेघांवरच भर देऊन. मला मात्र तिएपोलोच जवळचा. दादरच्या पुलावर मीही पुढच्याची पाठ आणि लोंबणारी सॅक टिपते. पावसाळ्यात आपल्याकडे कागद सर्द होतो, रेघ वाळतच नाही. घाईने ब्रश फिरवलात तर सॅकसकट माणूस वाहून जातो. जाड कागद घ्या.