आवडत्या वादकाला कोण आवडत होते?

बेस गिटार, म्हणजे गाण्याला खालच्या स्वरांचा आधार देणारी गिटार, वाजवणाऱ्यांनी काय ऐकावे आणि कोणाला गुरुस्थानी मानावे, या विषयावर गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहे. काही प्रश्न थोड्या फरकाने अनेकांनी विचारले होते, त्यांचे उत्तर अधिक विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून बेस गिटार वाजवतो. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस हे माझे दैवत आहे. त्यांचे आणि वेगवान स्लॅप (अंगठ्याने तारांवर आघात करण्याची पद्धत) वाजवणाऱ्या वादकांचे व्हिडिओ पाहून मी त्यातील तुकडे बसवत असतो. मात्र आमचा ड्रमर म्हणतो की माझ्या वाजवण्याने गाणे बसत नाही, उलट विस्कटते. माझ्या ऐकण्यात काही चुकते आहे का?
— एक विद्यार्थी, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : तुमचे दैवत उत्तम आहे. त्या दैवताने कोणाची पूजा केली, हे मात्र तुम्ही अजून पाहिलेले दिसत नाही. जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) लहानपणी ड्रम वाजवत असत आणि फुटबॉल खेळताना मनगट दुखावल्यामुळे ते बेसकडे वळले. म्हणजे ज्या वेगाने तुम्हाला भुरळ घातली आहे, तो वेग त्यांच्या हातात येण्याआधी ताल त्यांच्या अंगात भिनलेला होता. १९७६ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमची सुरुवात ‘डॉना ली’ या चार्ली पार्कर यांच्या सॅक्सोफोनमुळे प्रसिद्ध झालेल्या रचनेने होते आणि साथीला फक्त डॉन अलायस यांचे काँगा (हाताने वाजवायचे ढोल) आहेत. सॅक्सोफोनची वाक्ये बेसवर कशी बोलतील, हा विचार एखाद्या बेसवादकाचे ऐकून सुचणारा नव्हे. तो सॅक्सोफोन ऐकूनच सुचतो.

त्यांच्या ऐकण्याची दुसरी बाजू तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. १९८५ साली चित्रित झालेल्या शिकवणीच्या व्हिडिओत जॅको यांची मुलाखत जेरी जेमॉट यांनी घेतली आहे आणि हेच जेमॉट जॅको यांच्या तरुणपणीचे आदर्श होते. गिटारवादक-गायक बी. बी. किंग यांच्या १९६९ सालच्या ‘द थ्रिल इज गॉन’ या संथ ब्लूजमध्ये जेमॉट यांनी बेस वाजवला आहे. तो एकदा डोळे मिटून ऐका. गिटार बोलत असते तेव्हा बेस तिला जागा करून देतो आणि गिटार थांबते तेथे तो हलकेच पुढे सरकतो. तुमच्या ड्रमरला तुमच्याकडून जे हवे आहे, ते नेमके हेच असावे असे मला वाटते.

याच वाटेने आणखी मागे गेलात की जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) यांच्यापाशी पोहोचाल. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातील असंख्य गाण्यांचा बेस त्यांचा आहे. ते मूळचे डबल बेस (उभे धरून वाजवायचे, मोठ्या व्हायोलिनसारखे वाद्य) वाजवणारे आणि जॅझमध्ये मुरलेले होते. पुढे विजेचा बेस हाती आल्यावरही ते उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत राहिले. एका बोटाने वाजवलेल्या बेसच्या त्या ओळी, म्हणजे सलग चाली, आज दोन बोटांनी वाजवतानाही अनेकांची दमछाक होते. इतके असूनही त्या काळी मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापत नसत. मार्विन गे यांच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर त्यांचे नाव आले, तोवर त्यांना घरोघरी ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कोण हे माहीतही नव्हते. अटलांटिकच्या पलीकडे बसलेल्या, बीटल्स या बँडचे बेसवादक पॉल मॅकार्टनी यांना मात्र त्या ओळी ऐकू येत होत्या. आपल्यावरील प्रभावांमध्ये ते जेमरसन आणि बीच बॉइज या बँडचे ब्रायन विल्सन यांची नावे आवर्जून घेतात. बीटल्सच्या ‘समथिंग’ या गाण्यातील त्यांचा बेस ऐकलात तर गायकाच्या चालीखाली दुसरी एक संपूर्ण चाल चालली आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.

तेव्हा जॅको सोडू नका, परंतु पुढील तीन महिने जॅको ज्यांना ऐकत होते त्यांना ऐका. एक अट मात्र पाळा. कोणतीही ओळ हातात घेण्यापूर्वी ती गाऊन पाहा. जी ओळ गळ्यातून निघत नाही ती बोटांनी पाठ केली, तरी गाण्यात शिरल्यावर उपरी वाटते. माझ्या पहिल्या पाच वर्षांत हे मला कोणी सांगितले नाही, म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगत आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे आणि बेस गिटार शिकण्यासाठी आठवड्यातून दोनदा ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला जाते. ती सर्व गाणी मोबाइलवर किंवा गाडीत इअरफोन लावून ऐकते. मला तर मोबाइलवर बेस ऐकूच येत नाही. तिला महागडे हेडफोन घेऊन देणे आवश्यक आहे का?
— एक पालक, नेरूळ

उत्तर : तुमच्या कानांत कोणताही दोष नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांनी, म्हणजे ४१ हर्ट्‌झला वाजते आणि तिच्या पुढच्या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्‌झला. मोबाइलचा चिमुकला स्पीकर एवढे खालचे आवाज जवळजवळ देतच नाही. तरीही गाण्यात बेस आहे असा भास होतो, कारण ४१ हर्ट्‌झच्या तारेतून ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही आपोआप उमटत असतात आणि त्यांच्यावरून आपला मेंदू खालचा मूळ स्वर जुळवून घेतो. तानपुऱ्यातील स्वयंभू गंधाराची, म्हणजे तार न लावताही आपोआप ऐकू येणाऱ्या गंधाराची, गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हा त्याच जातीचा प्रकार आहे, फक्त येथे वरच्या स्वरांवरून खालचा स्वर मनात तयार होतो. गाणे ओळखण्यापुरते हे पुरेसे आहे, पण वादकाने तार कोठे दाबून धरली आणि कोठे सोडली, हे त्यातून कळत नाही आणि शिकणाऱ्याला तेच कळायला हवे असते.

लोकलमधील ऐकणे तर या बाबतीत अगदीच निरुपयोगी आहे, कारण गाडीची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतील असते आणि ती बेसलाच गिळून टाकते. मग मुले आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला चाळीस तास ऐकायचे असेल तर आवाज ८० डेसिबलच्या आत ठेवावा असा आहे, याकडे कृपया लक्ष द्या. महागड्या वस्तूची गरज नाही. कान पूर्ण झाकणारे, तारेचे, साधे आणि चांगले हेडफोन घ्या आणि रोज अर्धा तास घरी शांतपणे एकच गाणे पुन्हा पुन्हा ऐकू द्या. प्रवासात तिला गाण्याऐवजी मनात ओळी म्हणायला सांगा.

प्रश्न : मी चौतीस वर्षांचा असून पंधरा वर्षे तबला वाजवत आहे. आमच्या भजनी मंडळात पखवाजाचीही साथ करतो. आता बेस गिटार शिकावीशी वाटते. पाश्चात्त्य संगीत मी फारसे ऐकलेले नाही. एवढ्या वर्षांचे माझे ऐकणे वाया गेले असे समजून पाटी कोरी करावी का?
— एक तबलावादक, ऐरोली

उत्तर : कृपया पाटी कोरी करू नका. तुमचे पत्र वाचून मला खरोखर आनंद झाला, कारण तुम्ही बेसच्या फार जवळ आयुष्य काढले आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन तुम्ही जी मींड काढता, पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून जो भरीव, खोल आवाज मिळवता, त्यातून तुमच्या कानाला खालच्या स्वराचे वजन आधीच कळलेले आहे. फ्रेटलेस, म्हणजे दांडीवर पडदे (फ्रेट) नसलेल्या, बेसवर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज प्रथम ऐकलात तर तो तुम्हाला ओळखीचा वाटेल. स्लॅपची कथाही तुम्हाला जवळची आहे. लॅरी ग्रॅहम तरुणपणी आपल्या आईच्या बँडमध्ये वाजवत असताना त्यांच्याकडे ड्रमर राहिला नाही, तेव्हा ड्रमच्या दोन आवाजांची जागा भरून काढण्यासाठी ते अंगठ्याने जाड तारांवर आघात करू लागले आणि दुसऱ्या बोटाने बारीक तार ओढून सोडू लागले. अंगठा म्हणजे डग्गा आणि ओढलेली तार म्हणजे चाटी, असे मनाशी धरले तर तुम्हाला ही पद्धत अनेक गिटारवादकांपेक्षा लवकर साधेल.

स्वरांच्या बाबतीत तानपुऱ्यापासून सुरुवात करा. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झला वाजते आणि बेसच्या ‘ए’ तारेवर चौथ्या फ्रेटला नेमका तोच स्वर आहे. तानपुरा लावून त्या एका स्वरावर दहा मिनिटे बसा. तो सहज जुळेल असे वाटते, पण जुळता जुळत नाही, आणि त्या धडपडीत तुमच्या बोटांना स्वर धरून ठेवणे म्हणजे काय ते उमगते.

आता मी ज्या वादकासाठी हे उत्तर लांबवले त्यांच्याकडे येतो. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी रुद्रवीणा वाजवली आणि पनवेलजवळ पळस्पे येथे ध्रुपदाचे गुरुकुल उभे केले. ऐरोलीहून ते किती जवळ आहे, हे तुम्हीच जाणता. संथ आलापाला साजेल असा खोल, दीर्घकाळ टिकणारा नाद मिळावा म्हणून त्यांनी वीणेचे भोपळे मोठे करून घेतले आणि तारा जाड घेतल्या. त्यांचा आलाप मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सुरू होतो आणि कितीतरी वेळ तेथेच रेंगाळतो. एक स्वर लागतो, विरत जातो, आणि तो पूर्ण विरण्याआधी पुढचा स्वर त्याच्याच पोटातून निघतो. सुट्या स्वराला आयुष्य कसे द्यावे, याचा याहून मोठा पाठ मला कोणत्याही बेसवादकाकडून मिळालेला नाही. त्यांचे पुत्र उस्ताद बहाउद्दीन डागर आजही तीच वाट चालत आहेत. पाश्चात्त्य संगीत तुम्ही सावकाश ऐकालच, त्याची घाई नाही. मुंबईच्याच मोहिनी डे यांचे वादन मात्र लवकर ऐका. त्यांना वडिलांकडून, म्हणजे घरातूनच, बेस मिळाला आहे आणि तालाच्या बोलांशी त्यांच्या बोटांचे किती सख्य आहे, हे तबलजीला चटकन कळते.

प्रश्न : १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू या बँडचा कार्यक्रम मी पाहिला. त्यातील एका प्रसिद्ध गाण्यात बेस अथपासून इतिपर्यंत चारच स्वर वाजवतो. अशा वादकाला आदर्श मानावे का?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर : अवश्य मानावे. अ‍ॅडम क्लेटन यांनी ‘विथ ऑर विदाउट यू’मध्ये वाजवलेले ते चार स्वर आपल्या भाषेत सा, प, ध, म असे आहेत. गाणे कुजबुजीपासून आरोळीपर्यंत चढत जाते आणि बेस जवळजवळ जागचा हलत नाही. तो हलत नाही म्हणूनच बाकीच्यांचे चढणे आपल्याला जाणवते. मेट्रोनोम (सारख्या लयीत ठोके देणारे यंत्र) लावून हेच चार स्वर पाच मिनिटे, एकही आघात मागेपुढे न होता, वाजवून पाहा आणि मग मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी साठी ओलांडली आहे. वाजवत नाही, पण जुनी हिंदी गाणी मनापासून ऐकतो. माझा नातू बेस शिकतो आणि सारखा म्हणतो, “आजोबा, खालचं ऐका.” माझे लक्ष गायकाकडेच जाते. खालचे कसे ऐकावे?
— एक रसिक, कळवा

उत्तर : नातवाचे म्हणणे मोलाचे आहे. सुरुवात अशा गाण्याने करा जे तुम्हाला इतके पाठ आहे की शब्दांकडे लक्ष द्यावे लागणार नाही. ‘सदमा’ (१९८३) चित्रपटातील सुरेश वाडकर यांनी गायलेले ‘ऐ जिंदगी गले लगा ले’ घ्या. संगीतकार इळयराजा आहेत आणि त्यांच्या रचनांत बेस हा केवळ आधार नसतो, तो स्वतंत्र चाल घेऊन फिरतो. पहिल्या वेळी गाणे नेहमीसारखे ऐका. दुसऱ्या वेळी गायक जेथे श्वास घेतो, तेथे खाली काय चालले आहे एवढेच टिपा. तिसऱ्या वेळी गायकाला सोडून त्या खालच्या आवाजाबरोबर गुणगुणायचा प्रयत्न करा. दोन-तीन दिवसांत तो धागा हाती लागतो आणि एकदा लागला की पुन्हा सुटत नाही.

त्यानंतर राहुलदेव बर्मन यांच्याकडे वळा, ज्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत, आणि मग ए. आर. रहमान यांच्याकडे, ज्यांच्या अनेक गाण्यांतील बेस चेन्नईच्या कीथ पीटर्स यांचा आहे. ही नावे मी मुद्दाम लिहीत आहे. जेमरसन यांच्या वाट्याला जे आले तेच आपल्याकडील कितीतरी वादकांच्या वाट्याला आले. तबकडीवर गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे असत, पण खाली उभे राहून गाणे तोलून धरणाऱ्याचे नाव बहुधा नसे.

ठाणे, कळवा, मुलुंड या पट्ट्यात ऑर्केस्ट्रामध्ये आणि ध्वनिमुद्रणांत वाजवलेले ज्येष्ठ वादक आजही राहतात. मी स्वतः विशीत असताना गणेशोत्सवातील एका ऑर्केस्ट्रात अशाच एका काकांच्या शेजारी उभा राहून वाजवायला शिकलो आणि त्यांनी तरुणपणी कोणाला ऐकले होते, हे विचारायचे मात्र राहून गेले. आपल्या ओळखीत असे कोणी असतील तर नातवाला घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांनी कोणत्या गाण्यांत वाजवले आणि त्यांना स्वतःला कोणाचा बेस आवडत होता, या दोन्ही गोष्टी नातवाला वहीत लिहून घ्यायला सांगा आणि त्यांची संमती असेल तर आमच्याकडे पाठवा. पुढील अंकात त्यासाठी जागा राखून ठेवत आहे.