गंजाचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला
कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडच्या कामासाठी, गंजानं पाइप किती झिजला आणि अजून किती वर्षं टिकेल हे सांगणारं सॉफ्टवेअर शिकतोयस, चांगलंय. पण त्यातल्या रंगीत नकाशांना भुलू नको भाऊ. आधी एक हिशोब कागदावर करून बघ. पाइपची जाडी 8 मिमी होती, 4 वर्षांनी 7.2 भरली, म्हणजे वर्षाकाठी 0.2 मिमी झीज. किमान 5 मिमी लागत असेल, तर उरलेलं आयुष्य 11 वर्षं. सॉफ्टवेअरच्या पोटातही मुळात हेच गणित असतं.

फसगत होते ती सरासरीत. गंज सगळीकडे सारखा लागत नाही. एल्बोच्या, म्हणजे पाइपच्या वाकलेल्या जोडाच्या, बाहेरच्या वळणावर किंवा वेल्डच्या कडेला एखादाच खोल खड्डा पडतो आणि गळती सुरू होते ती तिथूनच. म्हणून जाडीचं रीडिंग नेमकं कुठे घेतलं, दरवेळी त्याच खुणेवर घेतलं का, हे विचारत जा. पाइपला दिलेला रंग न खरवडता वरूनच मोजलं असेल, तर साधं यूटी मीटर (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र) रंगाचा थरही जाडीत धरतं!

इन्सुलेशनखालचा, म्हणजे पाइपची उष्णता राखायला गुंडाळलेल्या थराखालचा, गंज तर वेगळंच प्रकरण. आपल्याकडे मे महिन्याच्या 45 अंशांत त्यावरच्या पत्र्याच्या फटी बुजवणारं सीलंट तडकतं, पावसाळ्यात तिथून पाणी आत शिरतं. साध्या पोलादाच्या पाइपचं तापमान साधारण 175 अंशांपर्यंत असेल तर हा धोका असतो. सॉफ्टवेअर इन्सुलेशनची अवस्था विचारतं, तेव्हा डोळे झाकून 'चांगली' निवडू नको. आधी चार ठिकाणी पत्रा उघडायला लाव.