वाचक विचारतात: महिन्याला लाखभर मेल अडवले म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : सर, उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे, मी अकौंट्स आणि कॉम्प्युटर दोन्ही बघतो. मेल सिक्युरिटीवाल्यांचा दर महिन्याला रिपोर्ट येतो, त्यात लाखाच्या वर मेल अडवले असं असतंय. आमच्या इथं मेल आयडीच पंचवीस! मालक विचारायलेत, एवढे मेल आपल्याला पाठवतंय तरी कोण? आणि पुण्याच्या पार्टीची पीओ (खरेदीची ऑर्डर) मात्र दोनदा मिळालीच नाही. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : मालकांना नेमका प्रश्न पडलाय. त्या लाखातले बहुतेक मेल कुणी उघडून तपासलेलेच नसतात. मेल यायच्या आधी पाठवणारा सर्व्हर तुमच्या गेटवेला, म्हणजे मेल तपासणाऱ्या दारवानाला, कनेक्शन जोडतो, तेव्हाच त्याचा इंटरनेटवरचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस स्पॅमहाऊससारख्या काळ्या यादीत आहे का बघितलं जातं, आणि असला तर ५५० वगैरे नकाराचा कोड देऊन दारातूनच परत. आता मेल आत आलाच नाही तर मोजला कसा? अंदाजानं. कोरोनात कोगनोळी नाक्यावरून गाड्या परत पाठवायचे तेव्हा गाड्या मोजता यायच्या, आतली माणसं नाही, तसंच हे. सिस्को कंपनीच्या मेल गेटवेच्या माहितीपुस्तकात तर उघडच लिहिलंय की नाकारलेल्या कनेक्शनला, एका कनेक्शनमागं इतके मेल असतील असं धरून, गुणतात. शिवाय सेल्स, इन्फो, अ‍ॅडमिन असे अंदाजानं आयडी बनवून मेल मारणारे असतात, तुमच्याकडं नसलेल्या आयडींवर आलेले तेही बऱ्याच रिपोर्टात ह्याच बेरजेत जातात. एकच मेल पंचवीस जणांना आला तर कुठं एक मोजतात, कुठं पंचवीस. त्यामुळं लाखाचा आकडा खोटा नसतोय, पण त्यावरून तुम्ही किती सुरक्षित आहात ते कळत नाही, आणि मला वाटतं रिपोर्टात तोच सगळ्यात वर मोठ्या अक्षरात छापणं बरोबर नाही.

दारातून आत आलेल्या मेलला मग मार्क पडतात. स्पॅमअसॅसिन नावाचं फुकट मिळणारं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक संशयाला थोडे थोडे मार्क आणि सेटिंग बदललं नसेल तर बेरीज ५ झाली की स्पॅम. बाकीच्या कंपन्यांचं गणित वेगळं, पण रीत साधारण हीच. आता गंमत बघा, एकच मेल स्पॅमही असू शकतो आणि त्यात व्हायरसही असू शकतो, पण रिपोर्टात तो एकाच खान्यात पडतो. सिस्कोत मोजताना आधी स्पॅमचा खाना, मग व्हायरसचा. मायक्रोसॉफ्टकडं मालवेअर, म्हणजे व्हायरससारख्यांचा खाना, आधी. म्हणून व्हायरसच्या खान्यात दोन-तीनच दिसले म्हणजे तेवढेच आले असं समजू नका, आणि शेजारच्या कारखान्याच्या रिपोर्टाशी तुमचा ताडून तर अजिबात बघू नका.

पीओचं मात्र मनावर घ्या, खरं नुकसान तिथं आहे. पार्टीला आधी विचारा, मेल परत आल्याचा मेसेज आला होता का? आला असेल तर दारातच नाकारलाय, त्यात कोड आणि कारण दोन्ही लिहिलेलं असतं, ते मागवून घ्या. काहीच आलं नसेल तर बहुतेक क्वारंटाईनमध्ये, म्हणजे संशयित मेल बाजूला ठेवायच्या जागी, पडलाय, आणि हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण त्यांना वाटतं पोचला आणि तुम्हाला वाटतं पाठवलाच नाही. क्वारंटाईन कायमचं नसतंय, मायक्रोसॉफ्टमध्ये मूळ सेटिंग १५ दिवसांचं आहे, नंतर मेल गेला तो गेला. तेव्हा रोज सकाळी बघायचं काम एका माणसाकडं द्या. सापडली पीओ तर का अडली तेही बघा. मोठ्या कंपन्यांची पीओ पुष्कळदा ईआरपीतून, म्हणजे त्यांच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरमधून, आपोआप निघते आणि त्या सर्व्हरचं नाव त्यांच्या एसपीएफमध्ये, म्हणजे त्यांच्या नावानं मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीत, घातलेलंच नसतं, डीकेआयएमची (मेल त्यांचाच असल्याची डिजिटल) सहीही नसते, मग डीमार्कला, म्हणजे ह्या दोन्हींवरून पाठवणारा खरा का ते बघणाऱ्या तपासणीला, नापास. अशा वेळी त्यांचं अख्खं डोमेन व्हाईटलिस्ट करून, म्हणजे त्यांचे सगळे मेल न अडवता आत सोडायला सांगून, मोकळं होऊ नका! उद्या कुणी त्यांच्या नावानं "आमचा बँक अकौंट बदललाय" असा खोटा मेल टाकला तर तोही बिनदिक्कत आत येईल. दुरुस्ती त्यांच्या आयटीवाल्यांनीच करायला पाहिजे, तुम्ही फक्त मागं लागा.

आणि सिक्युरिटीवाल्यांकडं दोन आकडे मागा : चुकून अडवलेले किती मेल सोडवले, आणि आत आल्यावर तुमच्या माणसांनी किती मेल संशयास्पद म्हणून कळवले. हे आकडे छोटे असतात पण कामाचे तेच.

प्रश्न : शहापुरात आमचं साड्यांचं दुकान, ऑनलाईनही विकतो, हजारो गिऱ्हाइकांना ऑफरचे मेल जातात. गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये (मेल पाठवणाऱ्यांना जीमेलकडचा हिशेब दाखवणारी सोय) स्पॅम रेट अगदी कमी दिसतोय, तरी गिऱ्हाईक म्हणतात मेल येतच नाही. असं कसं?

उत्तर : तो टक्का इनबॉक्सात पोचलेल्या मेलवर काढतात. इनबॉक्सात पोचलेल्यांपैकी किती लोकांनी हातानं स्पॅमचं बटण दाबलं, एवढंच त्यात येतं. तुमचे मेल थेट स्पॅम फोल्डरात पडत असतील तर बटण दाबणार कोण? म्हणून आकडा गोड दिसतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलनं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचं केलंय आणि हा टक्का ०.३ च्या खाली ठेवायला सांगितलंय. पण तुम्ही ह्या आकड्यावर विसंबू नका, मेलमधल्या लिंकवरून दुकानाच्या साईटवर किती गिऱ्हाईक येतात ते बघा. आणि वर्षानुवर्षं एकदाही मेल न उघडलेले पत्ते यादीतून काढा, जीव तुटला तरी काढा.

प्रश्न : जीमेलच्या स्पॅमसमोरचा आकडा आपोआप कमी होतो, कुणी माझं खातं उघडतंय काय? (एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : नाही ताई, घाबरू नका. तो आकडा फक्त न वाचलेल्यांचा असतो आणि ३० दिवस झाले की जीमेल स्वतःच स्पॅममधले मेल काढून टाकतं. तरी मनात शंका असेल तर खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन कुठल्या कुठल्या फोनवर लॉगिन आहे ते बघा, अनोळखी काही दिसलं तर तिथनंच लॉगआऊट करून पासवर्ड बदला. आणि महिन्यातनं दोन वेळा तरी स्पॅम फोल्डर चाळत जा, कामाचा एखादा मेल त्यात पडलेला असतो आणि तोही तिसाव्या दिवसानंतर जातो.