आधी नकाशा पसर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. एसीसीच्या, म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीजच्या, वाढीचा इतिहास लिहायला बसलीस आणि पहिल्याच पानावर अडकलीस. टाटांनी हिस्सा अंबुजा सिमेंटला विकला, २००५ मध्ये स्वित्झर्लंडची होल्सिम आली, २००६ मध्ये नाव आखूड झालं, २०२२ मध्ये अदानी समूह आला. जुने कारखाने बंद पडले, नवे उभे राहिले. मग इतकी वर्षं ‘वाढली’ ती नक्की कोण, असं तू विचारतेस. प्रश्न चोख आहे. पण उत्तर तू अध्यक्षांच्या भाषणांत शोधते आहेस, आणि तिथे ते सापडायचं नाही.

रेल्वेमार्ग दाखवणारा भारताचा नकाशा पसर. एका रंगाने चुनखडीचे पट्टे काढ, दुसऱ्याने कोळसा, तिसऱ्याने मोठी शहरं. सिमेंट कंपनीचा इतिहास म्हणजे या तीन रंगांमधलं अंतर. बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट बाहेर पडलं. पाठोपाठ कटनी, मग बुंदी संस्थानातलं लाखेरी. तू ही नावं ‘आद्य प्रयत्न’ या मथळ्याखाली ओळीने लावलीस आणि पुढे गेलीस. अगं, थांब की जरा! पोरबंदर समुद्रावर, पण कोळशापासून लांब. कटनी दगडाच्या उशाशी, पण मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडून हजार किलोमीटरच्या आसपास. परदेशी सिमेंट बोटीने थेट बंदरात उतरायचं, आणि खपही बंदरातच. पहिलं महायुद्ध संपून आयात पूर्ववत झाली तेव्हा देशात कारखाने गरजेपेक्षा जास्त झाले होते. मग एकमेकांच्या दारात माल नेऊन तोट्यात विकण्याची शर्यत लागली. १९२५ मध्ये उत्पादकांचा संघ झाला, १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन, १९३० मध्ये सिमेंट मार्केटिंग कंपनी. आधी भाव ठरवून पाहिले, मग कोटे ठरवून पाहिले. पण कोटा ठरला तरी कटनी जागची हलत नाही.

१ ऑगस्ट १९३६ रोजी टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या चार गटांच्या दहा कंपन्या एक झाल्या आणि एसीसी जन्मली. याला तू ‘दूरदृष्टीचं सोनेरी पान’ म्हणतेस. दूरदृष्टी होतीच. दिनशॉ त्यासाठी झटले आणि कंपनी जन्माला यायच्या काही महिने आधीच गेले. पण एकत्र येऊन मिळालं काय, ते लिही. ज्या गावाला जो कारखाना जवळ, त्याने त्या गावाला माल द्यायचा. दोन कारखान्यांच्या गाड्या एकमेकींना ओलांडून उलट्या दिशांना सिमेंट नेत होत्या, ते थांबलं. विलीनीकरणाचा पैसा तिथून आला. आधी नकाशा, मग ताळेबंद.

आता आकडे. ते पाठच कर, कारण यांच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एक टन क्लिंकरला, म्हणजे भट्टीतून भाजून निघणाऱ्या आणि दळले की सिमेंट होणाऱ्या खड्यांना, साधारण दीड टन चुनखडी लागते. शुद्ध चुनखडीचा जवळजवळ ४४ टक्के भाग वायू होऊन धुराड्यातून जातो, म्हणून भट्टी दगडाजवळच हवी. हवेत जाणाऱ्या वजनाचं भाडं कोण भरेल? वर्षाला दहा लाख टन क्लिंकर काढायचं तर पंधरा लाख टन दगड, आणि चाळीस वर्षांचा हिशेब धरला तर सहा कोटी टनांचा साठा हाताशी असावा लागतो. तोही चालणारा दगड हवा. कॅल्शियम ऑक्साइड बेचाळीस-चव्वेचाळीस टक्क्यांच्या खाली नको आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) साडेतीनच्या वर नको. मॅग्नेशिया जास्त असेल तर क्लिंकरमध्ये त्याचे खडे राहतात. ते पाण्याशी फार सावकाश संयोग पावतात, फुगतात, आणि बांधकामाला काही वर्षांनी तडे जातात. तेव्हा कंपनीच्या कागदांत पहिला शोध खाणपट्ट्यांचा घे. पट्टा कधी मिळाला, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रतीचा दगड. तो संपत आला की कारखान्याचं वय झालं, मग संचालक मंडळावर कोणीही बसलेलं असो.

दुसरा शोध भट्ट्यांचा. ‘आधुनिकीकरणाला झालेला विलंब’ हा तुझा परिच्छेद मला झोंबला, ते लपवत नाही. जुन्या कारखान्यांत वेट प्रोसेस होती. दगड पाण्यात दळून त्याची स्लरी करायची, तिच्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी. ते पाणी उडवण्यातच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उष्णता जायची. क्लिंकरच्या किलोमागे १,३०० ते १,५०० किलोकॅलरी. सहा टप्प्यांचा प्रीहीटर आणि कॅल्सिनर असलेली, म्हणजे कोरडी भुकटी भट्टीत जायच्या आधीच तापवून घेणारी, ड्राय भट्टी ७०० च्या आसपास भागवते. ४,५०० किलोकॅलरीचा कोळसा धर: वेटला टनामागे सुमारे ३१० किलो, ड्रायला १६०. दहा लाख टनांच्या कारखान्याला वर्षाकाठी दीड लाख टन कोळसा उगाच वाहून आणावा लागायचा, म्हणजे अडीच हजार टनांची रेक (अख्खी मालगाडी) धरली तर साठ रेक. हे आम्हाला दिसत नव्हतं असं वाटतं का तुला? दुसऱ्या महायुद्धापासून भाव आणि वाटप बहुतेक काळ सरकारच्या हाती होतं. भाव खर्चावर बेतलेला, आणि वाहतूक एका सामाईक निधीतून, म्हणजे कारखाना जवळ असो की लांब, गिऱ्हाइकाला दर एकच. अंतरच पुसून टाकलं! जवळ असण्याचा फायदा नाही, कोळसा वाचवण्याचं बक्षीस नाही, नवी भट्टी घ्यायला गाठीशी पैसा नाही. आळशी म्हण हवं तर, पण आधी त्या काळचा दर आणि नव्या भट्टीची किंमत शेजारी शेजारी मांड. तरीही एक कबूल करतो. भट्टीवरच्या आम्हा माणसांना सायडिंगवर, कारखान्याच्या रेल्वे फाट्यावर, वाघिणी किती उभ्या आहेत हे विचारायची सवय नव्हती. भट्टी चालली म्हणजे झालं, एवढंच आम्ही मानलं. ते चुकलं.

२८ फेब्रुवारी १९८२ रोजी अंशतः नियंत्रण उठलं. जुन्या कारखान्यांनी सुमारे दोन तृतीयांश माल लेव्हीत, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाने, द्यायचा, नव्यांनी निम्मा, उरलेला खुल्या भावात. मार्च १९८९ पासून सगळंच मोकळं झालं आणि वाहतुकीचा सामाईक निधीही गेला. अंतर परत आलं. तुझ्या टिपणातली ही सर्वांत महत्त्वाची जागा, आणि तू तिला दीड ओळ दिलीस.

यानंतरची वाढ कुणाला जमली ते नकाशावरच दिसतं. चंद्रपूर बघ. घुग्गुस, आवारपूर, गडचांदूर. दगड आहे, वर्धा खोऱ्यातला कोळसा आहे, औष्णिक केंद्राची राख आहे, फक्त मुंबई लांब. गुजरातेतल्या कोडिनारला अंबुजाने उलट केलं. कोळसा जवळ नाही, पण समुद्र आहे. मूळद्वारकेला स्वतःचा धक्का बांधला, बोटीतून सुटं सिमेंट पनवेलच्या टर्मिनलवर उतरवलं आणि पोतं शहराच्या वेशीवर भरलं. माल उतरवण्याची हमाली वाचली, वाटेत पोती फाटणं वाचलं.

कारखान्यात जाशील तेव्हा भट्टीनंतरच्या कूलरच्या पुढे क्लिंकरचा एक गार खडा हातात घे. चांगला भाजलेला खडा गडद, हिरवट झाक असलेला करडा असतो, उन्हात धरला तर बारीक चमकतो. फोडून बघ. आतला गाभा पिवळट-तपकिरी असेल तर भट्टीत हवा कमी पडली. हलका, भुसभुशीत लागला तर कच्चा राहिला. प्रयोगशाळेतली पोरं पाच ते दहा मिलिमीटरचे खडे चाळून लिटरच्या डब्यात भरतात आणि तोलतात. १,२०० ते १,३०० ग्रॅम भरलं की ठीक. ११०० च्या खाली गेलं की मोकळा, म्हणजे संयोग न पावता उरलेला, चुना वाढला समजायचं, आणि तो दोन टक्क्यांच्या पुढे गेला की सिमेंट पुढे फुगतं. हे अशासाठी सांगतोय की गेल्या तीस वर्षांची सगळी वाढ या खड्यावर उभी आहे. सिमेंट दमट हवेत तीन महिने पडलं तर पाचव्या हिश्श्याने तरी कमजोर होतं. हा खडा मात्र ढिगात महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून भट्टी दगडाशी ठेवायची, क्लिंकर रेकने पाठवायचा आणि दळण बाजाराजवळ करायचं. टनभर पीपीसीत, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये, ६५० किलो क्लिंकर, ३०० किलो राख, ५० किलो जिप्सम धर. मानकाप्रमाणे राख ३५ टक्क्यांपर्यंत चालते. राख शेजारच्या वीज केंद्रातून मिळाली तर हजारऐवजी साडेसहाशे किलोंचंच लांबचं भाडं. पोलाद कारखान्याशेजारी स्लॅग, म्हणजे लोखंड काढताना उरणारी मळी, मिळाली तर क्लिंकर आणखी कमी. रायगडातल्या डोळवीला स्लॅग सिमेंट दळतात ते याचसाठी.

‘क्षमता इतके दशलक्ष टन’ असा आकडा दिसला की लगेच विचार: क्लिंकरची की दळणाची? दोन्ही एकच धरल्यामुळे तुझा तिसरा तक्ता पूर्ण चुकला आहे. गिरणी दोनेक वर्षांत उभी राहते. खाणपट्टा, जमीन, पर्यावरण मंजुरी आणि भट्टी यांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणूनच लोक कंपन्या विकत घेतात. ती खरेदी यंत्रांची कमी आणि दगडाची जास्त असते. २०२२ च्या व्यवहाराकडे पुन्हा याच नजरेने बघ. तुझं ‘मालक तीनदा बदलले’ हे वाक्य मग तुला स्वतःलाच नकोसं होईल.

आता टिपण बाजूला ठेव आणि एक तक्ता कर. प्रत्येक कारखान्याला एक ओळ: सुरू झाल्याचं वर्ष, खाणपट्ट्याची मुदत, भट्टीचा व्यास आणि लांबी, वेट की ड्राय, किलोमागे उष्णता, कोळसा किती किलोमीटरवरून, माल सरासरी किती किलोमीटरवर, बंद झाला असेल तर कधी. शेवटचा रकाना भरताना कारण लिहू नकोस. आधीच्या रकान्यांतून ते दिसतंय का, एवढंच बघ. जिथे दिसणार नाही, त्या ओळी मला पाठव. त्यांच्यावर आपण बसून बोलू.