स्वतःचा 'इफ' चालेना

प्रश्न : काका, स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेत हौसेनं 'इफ'सारखं (अट बघून दोनांतली एक बाजू निवडणारं) स्वतःचं फंक्शन लिहिलं. फॅक्टोरियलमध्ये (५ × ४ × ३ × २ × १ असा गुणाकार) वापरलं, तर प्रोग्रॅम थांबतच नाही. — एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हौस आवडली! अगं, फंक्शन चालू होण्याआधी स्कीम त्याची सगळी आर्ग्युमेंट्स, म्हणजे त्याला दिलेल्या राशी, सोडवून घेते. शून्य आलं तरी 'नाहीतर'ची, म्हणजे एक कमी करून पुन्हा फॅक्टोरियल काढणारी, बाजू चालतेच. मग उणे एक, उणे दोन... संपणार कसं? भाषेतला 'इफ' हा स्पेशल फॉर्म, म्हणजे वेगळ्या नियमानं चालणारी रचना : आधी अट, मग एकच बाजू. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी फोरट्रान या जुन्या भाषेत बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहीत होते, तेव्हा त्यांच्या 'एक्सइफ' या अटीच्या फंक्शनचंही हेच दुखणं होतं. पुढे १९६०च्या निबंधात त्यांनी लिस्प ही स्कीमची पूर्वज भाषा मांडली, तीत अटीची रचना हवी तेवढंच सोडवते. स्वतःचंच हवं तर मॅक्रो (आर्ग्युमेंट्स न सोडवता कोडचंच रूप बदलणारी रचना) लिही. आणि स्कीममध्ये अटीत ० खरा धरतात बरं; सी भाषेत तो खोटा, म्हणून ती शिकून आलेली पोरं तिथे हमखास आपटतात.