तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सीला काय घ्यावं: ऑरगॅनिक, अॅनालिटिकल की पर्यावरणशास्त्र?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: बीएस्सी केमिस्ट्री झालंय, घरच्या जबाबदारीमुळे मुंबई-पुण्याला राहून शिकणं शक्य नाही, आणि एसटीने जाऊन-येऊन करता येईल अशा तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सीचे तीन पर्याय आहेत. ऑरगॅनिक केमिस्ट्री बरीच वर्षं चालू आहे, अॅनालिटिकल नुकतंच सुरू झालंय आणि तिसरं पर्यावरणशास्त्र. यातल्या कशाला जास्त स्कोप आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी कोकणातल्या अशाच एका कॉलेजातून ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी केलं. आता लोटे-परशुराम एमआयडीसीत बल्क ड्रग, म्हणजे औषधांचे मूळ घटक, बनवणाऱ्या एका कंपनीच्या आर अँड डीत (संशोधन विभागात) आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना बसते. माझं मत आधीच सांगून टाकते: ऑरगॅनिक घ्या. पण ते स्कोपमुळे नाही. स्कोप तिन्ही विषयांना आहे. मोठ्या विद्यापीठात असतात तर मी म्हटलं असतं, आवडेल ते घ्या. छोट्या कॉलेजात आधी हे बघावं लागतं की कोणता विषय कमी साधनांत नीट शिकवता येतो.

ऑरगॅनिकला, म्हणजे मुख्यतः कार्बनी संयुगं बनवायला शिकायला, काय लागतं? राउंड बॉटम फ्लास्क, कंडेन्सर, हीटिंग मँटल, टीएलसी प्लेट्स (मिश्रणातले घटक ठिपक्यांच्या रूपात वेगळे दाखवणाऱ्या), ते ठिपके बघायला यूव्ही चेंबर, मेल्टिंग पॉइंटचं उपकरण, नीट चालणारा एक्झॉस्ट. सॉल्व्हंट उडवणारा रोटाव्हेपर असेल तर फारच छान. एवढ्यावर चांगला शिक्षक मुलांचा हात तयार करू शकतो. रेणूची रचना ओळखायची एनएमआर तपासणी बाहेरून करून आणता येते. अॅनालिटिकलचं तसं नाही. तिथे उपकरण हाच अभ्यास आहे. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) विकत घेऊन भागत नाही. रोज चालवायची तर अॅसिटोनायट्राइलसारखं महागडं सॉल्व्हंट लागतं, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) खराब झाला की नवा घ्यावा लागतो, दरवर्षी देखभालीचा करार करावा लागतो. उपकरणाला एकदा अनुदान मिळतं, पुढच्या खर्चाची तरतूद बहुतेक छोट्या कॉलेजांत नसते. मग प्रॅक्टिकलला सर एकदा चालवून दाखवतात, मुलं भोवती उभी राहून बघतात, आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला आलेख) चिकटवला जातो.

मुलाखतीत हे दोन मिनिटांत समजतं. आम्ही सहसा एवढंच विचारतो, "प्रोजेक्टमध्ये रिअॅक्शन पूर्ण झाली हे कसं ठरवलंस?" जिने काम केलंय ती सांगते, "टीएलसी लावली, इथाइल अॅसिटेट-हेक्झेन ३:७ मध्ये. आधी स्पॉट शेपटीसारखा लांबत होता, मग सँपल पातळ करून परत लावलं. स्टार्टिंगचा स्पॉट गेला तेव्हा थांबवली." मला तेवढं पुरतं, मग ती कोणत्या कॉलेजची आहे हे मी बघतही नाही. अॅनालिटिकलच्या मुलांना आम्ही विचारतो की आलेखातले दोन पीक (उंचवटे) एकमेकांत मिसळत असतील तर काय कराल, बेसलाइन हलायला लागली तर आधी काय तपासाल. पाठ केलेली थिअरी इथे अपुरी पडते. मशीनसमोर बसून वैतागलेलं असावं लागतं. यात मुलांचा दोष नसतो, आणि म्हणूनच हे तुम्ही प्रवेशाआधी बघावं असं मला मनापासून वाटतं.

बघायचं कसं तेही सांगते. प्रवेशाच्या काउंटरवर विचारू नका. कामाच्या दिवशी दुपारी, प्रॅक्टिकलच्या वेळेत, सरळ डिपार्टमेंटला जा. "माजी विद्यार्थिनी आहे, लॅब बघायची आहे," असं सांगितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. एचपीएलसी किंवा जीसीच्या (वायुरूपात घटक वेगळे करणाऱ्या तशाच यंत्राच्या) शेजारी लॉगबुक असतं. त्यात तारीख, सँपल, कॉलम, चालवणाऱ्याचं नाव आणि सही अशा नोंदी असतात. ते चाळून बघा. आठवड्याला चार-पाच नोंदी आणि त्या विद्यार्थ्यांच्या हातच्या असतील, तर डिपार्टमेंट चांगलं चाललंय आणि माझा सल्ला उलटा समजा: अॅनालिटिकल बिनधास्त घ्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येण्याआधी काही नोंदी आणि पुढे कोरी पानं असतील, तर तिकडे जाऊ नका. ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये फ्युम हूडमध्ये (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) काय आहे ते बघा. रिकाम्या बाटल्या रचून ठेवल्या असतील तर तो वापरात नाही. रिअॅक्शन लावलेली दिसली, दोन मुलं टीएलसी घेऊन यूव्ही चेंबरमध्ये वाकलेली दिसली, तर मला आणखी काही विचारायची गरज वाटणार नाही.

तुमचा मूळ प्रश्न नोकरीचा आहे, तर त्याबद्दल. लोटे, महाड, रोहा, तारापूर, कुरकुंभ या सगळ्या पट्ट्यांत ऑरगॅनिकवाल्यांना आर अँड डी, प्रोसेस डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनमध्ये घेतात, आणि जागा असेल तर क्यूसीतही (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) घेतात. अॅनालिटिकलवाल्यांना क्यूसी आणि मेथड डेव्हलपमेंट (तपासणीच्या पद्धती बसवणं) मिळतं, सिंथेसिसमध्ये (संयुगं बनवण्याच्या कामात) त्यांना क्वचितच कोणी घेतं. म्हणजे ऑरगॅनिकमधून दोन दारं उघडी राहतात. मात्र क्यूसीत साध्या बीएस्सीवाल्यांशीही स्पर्धा असते आणि काम बहुधा पाळ्यांमध्ये चालतं. रात्रपाळीला मुलींना ठेवायला आमच्या भागातल्या बऱ्याच कंपन्या आजही तयार नसतात, त्यामुळे मुलींच्या जागा आधीच मोजक्या होतात. आर अँड डीला बहुतेक ठिकाणी जनरल शिफ्ट असते. हे कोणी जाहिरातीत लिहीत नाही, पण तुम्हाला घर सांभाळून नोकरी करायची आहे म्हणून मुद्दाम सांगतेय.

शिकवायचं मनात असेल तर एक गोष्ट आत्ताच समजून घ्या. प्राध्यापकपदासाठीची देशपातळीवरची सीएसआयआर-नेट परीक्षा असो की आपल्या राज्याची सेट, पेपर 'केमिकल सायन्सेस' असा एकच असतो, त्यात इनऑरगॅनिक, फिजिकल, ऑरगॅनिक, अॅनालिटिकल सगळं येतं. स्पेशलायझेशन कुठलंही घेतलं तरी क्वांटम आणि ग्रुप थिअरी सुटत नाही. दोन्हीला एमएस्सीत ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५०. काही विद्यापीठांत पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं आणि स्पेशलायझेशन दुसऱ्या वर्षी मिळतं. तुमच्याकडे कसं आहे ते ऑफिसात विचारा, कारण तसं असेल तर हा निर्णय वर्षभर पुढे ढकलता येईल. ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं असेल तर एमएस्सीनंतर बीएडही करावं लागेल.

पर्यावरणशास्त्राबद्दल थोडक्यात. विषय आवडत असेल, फील्डवर फिरायची तयारी असेल तर जरूर घ्या. ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट), ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा विभाग), पर्यावरण सल्लागार कंपन्या इथे काम आहे, आणि लोट्याचं सांडपाणी आणि दाभोळची खाडी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे काम किती गरजेचं आहे ते सांगायला नको. पण 'केमिस्ट्रीपेक्षा सोपं जाईल' म्हणून घेत असाल तर घेऊ नका. केमिस्ट्रीच्या नोकऱ्यांच्या बऱ्याच जाहिरातींत 'एमएस्सी केमिस्ट्री' असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तिथे अर्ज छाननीतच बाद होतो. ऑरगॅनिक करून ईटीपीच्या लॅबमध्ये मात्र जाता येतं.

आता शिक्षकांचं. छोट्या कॉलेजात एमएस्सीचे बहुतेक कोर्स विनाअनुदानित असतात आणि बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर. ते मनापासून शिकवतात, पण तुटपुंज्या मानधनावर किती दिवस राहणार? सेमिस्टरच्या मध्येच दुसरीकडे नोकरी मिळाली की जातात, आणि तो पेपर पोरका होतो. म्हणून एमएस्सीचे पेपर किती कायम शिक्षक घेतात, हे सध्याच्या पार्ट टूच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांना विचारा. ऑरगॅनिक जुनं असल्यामुळे बीएस्सीचे कायम शिक्षक तिथे तास घेत असण्याची शक्यता जास्त. एखाद्या सरांना किंवा मॅडमना पीएचडीचे गाइड म्हणून मान्यता असेल तर फारच उत्तम, कारण त्यांच्या रिसर्चसाठी आलेली केमिकल्स आणि काचेचं सामान एमएस्सीच्या मुलांनाही वापरायला मिळतं.

आणि प्रोजेक्ट. राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत दोन वर्षांचं एमएस्सी ८८ क्रेडिटचं आहे. त्यात पहिल्या वर्षी ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, आणि दुसऱ्या वर्षी ४ आणि ६ क्रेडिटचं रिसर्च प्रोजेक्ट. ट्रेनिंगसाठी मागच्या बॅचची मुलं कुठे गेली, ते नावानिशी विचारा. कंपनीत गेली असतील तर डिपार्टमेंटची ओळख आहे, तुम्हालाही तिथे जाता येईल. 'ज्याने त्याने आपलं बघितलं' असं उत्तर आलं, तर ती ओळख तुम्हाला स्वतः काढावी लागेल, आणि त्याची तयारी पहिल्या सेमिस्टरपासूनच करावी लागेल.

फॉर्म भरताना ऑरगॅनिक आणि अॅनालिटिकल दोन्हींचा भरा. ऑरगॅनिकच्या जागा आधी भरतात. पहिल्या यादीत नाव लागलं आणि फीची अडचण असेल, तर हप्ते करून देता येतील का हे प्राचार्यांना स्वतः भेटून विचारा, छोट्या कॉलेजात ते बहुतेक ऐकतात. शिष्यवृत्तीला पात्र असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज प्रवेश झाल्या-झाल्या भरा, आणि दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण विसरू नका.