‘मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्नकर्ते नाशिकचे, त्यांचे मेहुणे न्यू जर्सीत. व्हिडिओ कॉलवर दोघांची इराक युद्धावरून जुंपली. ‘सैन्य कमी नेलं, सद्दाम गेल्यावर पुढे काय याचा विचारच केला नव्हता,’ असं हे म्हणाले. त्यावर मेहुण्यांनी ‘मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक होऊ नका’ एवढं म्हणून विषय मिटवला. आता यांची विचारणा तिहेरी आहे: याचा नेमका अर्थ काय, मराठीत ‘बैल गेला नि झोपा केला’ म्हटलं तर चालेल का, आणि आपल्याला ते लागू होतं का?

आधी उत्तर देऊन टाकतो. ती म्हण इथे चालणार नाही. आणि तुम्हाला लागू होतं की नाही, ते तुम्ही हे 2003 साली म्हणत होता की आज म्हणताय, यावर ठरेल.

अमेरिकेत नुसतं ‘फुटबॉल’ म्हटलं की आपला फुटबॉल नव्हे, तर हेल्मेट आणि शोल्डर पॅड घालून खेळतात तो खेळ. अकरा-अकरा खेळाडू, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. एकेक प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो, मग खेळ थांबतो आणि खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात. क्वार्टरबॅक हा त्या चालीचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो पळणाऱ्याकडे सोपवायचा की लांब फेकायचा, हे अंगावर धावून येणारे धटिंगण पोचायच्या आत त्याला उरकावं लागतं. व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनएफएलचे, बहुतेक सामने रविवारी असतात. सोमवारी सकाळी ऑफिसात हातात कॉफी घेऊन ‘त्याने तिथे फेकायलाच नको होता’ असं सांगणारा जो कोणी, तो मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक.

शब्द जुना आहे. 1931 साली हार्वर्डचा क्वार्टरबॅक बॅरी वूड याने तो वापरला, असा दाखला सहसा देतात. हा वूड पुढे नावाजलेला डॉक्टर आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ झाला. मरणोत्तर तपासणीतून निदान करणं किती सोपं असतं, हे त्याला दोन्ही पेशांत कळलं असणार.

या वृत्तीचा अस्सल नमुना पाहायचा तर 1 फेब्रुवारी 2015 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, पाहावा. सिएटल सीहॉक्स 24, न्यू इंग्लंड पेट्रियट्स 28. सिएटल गोलरेषेपासून फक्त एक यार्डावर, दुसरा प्रयत्न, घड्याळात 26 सेकंद. संघात मार्शॉन लिंच नावाचा रेड्यासारखा घुसणारा धावपटू. सगळ्या जगाला वाटलं, चेंडू त्याच्या हाती देणार. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी फेकायची चाल दिली, रसेल विल्सनने फेकला आणि माल्कम बटलर नावाच्या नवख्या पोराने तो मधल्यामध्ये पकडला. सामना खलास. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत कॅरलना शिव्या घातल्या नाहीत असं ऑफिस सापडलं नसतं.

पण हिशोब बघा. सिएटलकडे टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवून घ्यायची मुभा, एकच उरला होता. पळणारा मैदानातच पाडला गेला तर घड्याळ चालू राहतं, फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर थांबतं. उरलेल्या सेकंदांत तिन्ही प्रयत्न बसवायचे तर त्यातला एक फेकीचा असणं शहाणपणाचंच होतं. चाल बरोबर असू शकते आणि तरी हरता येतं. सोमवारच्या शहाण्याला नेमकं हेच दिसत नाही, कारण तो निकालाकडून उलटा निर्णयाकडे चालत येतो. आपल्याकडे याला तोड म्हणजे 23 मार्च 2003. जोहान्सबर्गच्या फायनलमध्ये गांगुलीने टॉस जिंकून फील्डिंग घेतली आणि ऑस्ट्रेलियाने 359 ठोकल्या. तेव्हापासून प्रत्येक नाक्यावर एक तरी माणूस भेटतो, ज्याला आपण बॅटिंगच घ्यायला हवी होती हे टॉसच्या वेळीच कळलं होतं. (इराकवरची स्वारी त्याच आठवड्यात, 20 मार्चला सुरू झाली होती. त्या आठवड्याने दोन्ही देशांत वादाला भरपूर खुराक पुरवला.)

आता मराठी उमेदवार तपासू. ‘बैल गेला नि झोपा केला’ यातला झोपा म्हणजे गोठ्याचं दार. झोपेशी त्याचा संबंध नाही, हे शहरी वाचकांना सांगावं लागतं. या म्हणीतला माणूस उपाय करतो, फक्त उशिरा करतो. शिवाय बैल त्याचाच आहे. सोमवारच्या शहाण्याचा बैलही गेलेला नसतो आणि तो दारही करत नाही, तो शेजाऱ्याला दार कसं करायचं होतं ते सांगतो. ‘वरातीमागून घोडं’ही त्याच कारणाने बाद: तिथे घोडं निदान येतं तरी. ‘पश्चातबुद्धी’ला तर स्वतःच्या पस्तावल्याचा वास आहे, आणि आपला हा गडी कधी पस्तावत नाही.

‘उंटावरचा शहाणा’ जास्त जवळचा वाटतो, म्हणून त्याच्याकडे नीट पाहू. वासराचं डोकं रांजणात अडकलं. सल्ला द्यायला बोलावलेला शहाणा उंटावरून उतरेना, म्हणून त्याला आत घ्यायला भिंत पाडली. त्याने आधी वासराची मान कापायला सांगितली आणि मग डोकं काढायला रांजण फोडायला लावला. हा शहाणा उंच बसलेला आहे, झळ न लागणारा आहे, मूर्खही आहे. पण तो वेळेवर आलेला आहे! त्याचा सल्ला घडण्याआधीचा आहे. म्हणून तो इंग्रजीतल्या ‘आर्मचेअर जनरल’ला चपखल बसतो, म्हणजे घरबसल्या सेनापतीला. घरबसल्या सेनापतीकडे अनुभव नसतो. मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅककडे तो असूही शकेल; त्याचा दोष एवढाच की उत्तरपत्रिका हाती आल्यावर तो गणित सोडवायला बसतो. अमेरिकी वर्तमानपत्रांतही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, तेव्हा आपल्या भाषांतरकारांना फार बोल लावायला नको.

मराठी माणसाला हा प्रकार समजवायला खरं तर फुटबॉल लागतच नाही, पानिपत पुरतं. 14 जानेवारी 1761 ची लढाई आपण आजही पारावर बसून लढतो. गनिमी कावा सोडायला नको होता, गोलाची लढाई आपली नव्हेच, बुणगे आणि यात्रेकरू बरोबर न्यायलाच नको होते. पण यातला एक फरक लक्षात घ्या. बायकापोरं आणि जड सामान मागे ठेवा, असा सल्ला सूरजमल जाटाने भाऊसाहेबांना लढाईच्या आधीच दिला होता, असं सांगितलं जातं. आज तेच वाक्य पारावर म्हणणारे तुम्ही-आम्ही सोमवारचे शहाणे. सूरजमल नव्हे. शब्द तेच, तारीख वेगळी.

मेहुण्यांचं इथेच चुकलं असण्याचा संभव आहे. युद्धाच्या वादात हा शब्दप्रयोग अर्थ सांगायला क्वचितच येतो, बहुतेक वेळा समोरच्याचं तोंड बंद करायला येतो. इराकबाबत तर तारखा सरळ कागदावर आहेत. 25 फेब्रुवारी 2003 रोजी, म्हणजे स्वारीच्या जवळजवळ महिनाभर आधी, अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की युद्धानंतर इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री पॉल वूल्फोवित्झ यांनी हा आकडा पार भरकटलेला ठरवला. पुढे 2006 च्या नोव्हेंबरात मध्यपूर्वेतल्या फौजांचे सेनापती जनरल अबिझैद यांनी त्याच सिनेटमध्ये शिन्सेकी बरोबर होते अशी कबुली दिली, आणि 2007 च्या जानेवारीत बुश यांनी वीस हजारांहून जास्त जादा सैनिक धाडायची घोषणा केली. शिन्सेकींना मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक म्हणणं म्हणजे शब्दाची हत्या आहे. ते शनिवारी बोलले होते, तेही स्टेडियमबाहेरून नव्हे, संघाच्या बाकावरून.

उलट ज्यांना शब्द बसतो अशांचीही कमी नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये सिनेटने 77 विरुद्ध 23 मतांनी युद्धाची मुभा दिली. त्या 77 जणांत जॉन केरी, हिलरी क्लिंटन, जो बायडन होते. पुढे तिघांनीही युद्धावर टीका केली. आपल्याला खोटी माहिती दिली गेली, हा त्यांचा बचाव मला अर्धा पटतो. 23 जणांपुढेही तेच कागद होते.

मुळात फुटबॉलचा शब्द युद्धावर नेला की सांधा थोडा निखळतोच. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचं बघा. ते फुटबॉलचे इतके वेडे होते की 1972 च्या सुपर बोलआधी त्यांनी मायामीचे प्रशिक्षक डॉन शुला यांना मध्यरात्रीनंतर फोन करून त्यांचा खेळाडू पॉल वॉरफिल्ड याच्यासाठी एक चाल सुचवली. सोमवारची वाट पाहणारे ते नव्हते. मायामी 24-3 अशी हरली, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी उत्तर व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीच्या मोहिमेला नाव दिलं ‘लाइनबॅकर’. फुटबॉलमध्ये लाइनबॅकर बचावफळीत असतो, आणि इथे त्याचं नाव हल्ल्याला. डिसेंबरात बी-52 विमानांनी हॅनोई आणि हायफाँग भाजून काढलं, त्यालाही हेच नाव, पुढे फक्त दोनचा आकडा.

किंवा ‘हेल मेरी’ घ्या. 28 डिसेंबर 1975 रोजी डॅलसच्या रॉजर स्टॉबॅकने शेवटच्या क्षणी जिवावर उदार होऊन पन्नास यार्ड चेंडू भिरकावला, सामना जिंकला आणि नंतर सांगितलं, डोळे मिटून हेल मेरी म्हटलं. वसईच्या कॅथलिक घरांत मराठीतून म्हणतात तीच ही मारियेची प्रार्थना. आपल्याकडे अशा वेळी देव पाण्यात घालतात. 1991 चं आखाती युद्ध संपत आलं असताना अमेरिकी सेनापती जनरल श्वार्त्झकॉफ यांनी पत्रकारांपुढे आपली मोहीम समजावताना हाच शब्द वापरला. सगळे खेळाडू एका बाजूला उभे करतात, तशी आपण फौज गुपचूप पश्चिमेला नेली, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण ती चाल कित्येक आठवडे घोटलेली होती, त्यात देव पाण्यात घालण्याजोगं काहीच नव्हतं. लोकांनी मात्र शब्द उचलला आणि धाडसी डावपेच या अर्थाने फिरवला.

क्वार्टरबॅकचंही असंच. खेळात बाहेरून बोलणाऱ्याला गप्प बसवणं परवडतं, कारण त्याने फक्त तिकीट काढलेलं असतं. युद्धात तोच पैसे भरतो आणि त्याचाच मुलगा जातो. त्याने सोमवारी बोलायचं नाही, तर कधी? नाशिकच्या माणसाने अमेरिकी लष्कराच्या भाकऱ्या का भाजाव्यात, हा आक्षेप मेहुण्यांनी घेतला असता तर तो मला जास्त रास्त वाटला असता.

तर मराठीत काय म्हणायचं? नामच हवं असेल तर ‘निकालानंतरचा शहाणा’. लेखात, बातमीत हे अडखळत नाही, स्पष्टीकरण लागत नाही. वृत्तीसाठी ‘क्वार्टरबॅकगिरी’ म्हणायला माझी हरकत नाही. दादागिरी, शिपाईगिरी पचवलेल्या ‘गिरी’ला एक क्वार्टरबॅक जड नाही, फक्त वाचकाला तो खेळ ठाऊक हवा. पण बोलताना मराठी माणूस या जागी नाम वापरतच नाही, आख्खं वाक्य वापरतो: ‘आता बोलायला काय जातंय!’ यात सगळं आलं. ‘आता’मध्ये सोमवार आला आणि ‘काय जातंय’मध्ये प्रेक्षकाची फुकटची जागा. मेहुण्यांच्या तोंडचं भाषांतर करायचं तर मी हेच करीन.

तुम्ही 2003 सालीही हेच म्हणत होता असं असेल, तर त्यांना तारीख सांगा आणि ते स्वतः तेव्हा काय म्हणत होते ते विचारा. ते तेव्हा युद्धाच्या बाजूने असतील, तर अशा माणसासाठीही अमेरिकेत एक झोंबरा शब्द आहे: ‘चिकनहॉक’. स्वतः कधी गणवेश न चढवता दुसऱ्याच्या पोरांना लढायला धाडणारा. मराठीत जवळचं म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारा. पण तो मेहुण्यांवर वापरण्याआधी बहिणीला विचारून घ्या.